तीन नंबरची केबिन

१

सुनावणी दहाला सुरू व्हायची, पण दुभाषीण साडेनवालाच सभागृहात हजर असायची. तिन्ही वाहिन्या तपासून बघायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं, कारण साउंडवाल्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. माणूस वाईट नव्हता तो. फक्त कुठल्याही बिघाडावर त्याच्याकडे एकच औषध होतं, बंद करून चालू करायचं. म्हणून सगळे त्याला 'बटण' म्हणायचे आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

तपासणी सोपी होती. कुठल्याही खुर्चीवर बसायचं, हेडफोन लावायचा आणि हाताशी असलेली खुंटी फिरवायची. एकवर खालच्यांची भाषा, दोनवर वरच्यांची, तीनवर मधल्यांची. एक आणि दोनवर बटण 'हॅलो हॅलो' करायचा. तीनवर नुसती बारीक खरखर असायची, कारण तीन नंबरच्या केबिनमध्ये कोणी बसतच नव्हतं.

समोरच्या भिंतीवर प्रांताचा नकाशा टांगलेला होता. वर डोंगर, खाली नदीचं सपाट खोरं आणि दोन्हींच्या मध्ये एक खिंड. ऐंशी वर्षांत सरहद्द चार वेळा सरकली होती, कधी डोंगराच्या माथ्यावर तर कधी नदीच्या मधोमध, आणि नकाशावाल्याने त्या चारही रेषा चार रंगांत काढल्या होत्या. शिवाय प्रत्येक गावाखाली तीन भाषांतली तीन नावं. खिंडीपाशी तर इतकी दाटी झाली होती की गाव कुठलं आणि नाव कुठलं हे कळायची सोय नव्हती. डोंगरातले वरचे म्हणत, खिंड आमची, आमच्या आजोबांनी वाट फोडली. खोऱ्यातले खालचे म्हणत, आमची, आमच्या पणजोबांनी पूल बांधला. खिंडीत प्रत्यक्ष राहायचे ते मधले. ते पाणचक्क्या चालवायचे, दोन्हीकडचं धान्य दळून द्यायचे आणि दोघांशीही त्यांच्या त्यांच्या भाषेत गोड बोलायचे. त्यामुळे वरच्यांना ते खालच्यांचे हेर वाटायचे आणि खालच्यांना वरच्यांचे.

चौतीस वर्षांपूर्वी सरहद्द तिसऱ्यांदा सरकली, त्या हिवाळ्यात आठ दिवसांत मधले संपले. 'निघून गेले' असं वरचेही म्हणायचे आणि खालचेही; एवढ्या एकाच बाबतीत दोघांचं एकमत होतं. कुठे गेले, याची चौकशी करायला आता आयोग बसला होता. कायद्याप्रमाणे कामकाज तिन्ही भाषांत ऐकता यायला हवं, म्हणून तिसरी केबिन बांधली, आत माइक बसवला, जागेची जाहिरातही दिली. एकही अर्ज आला नाही. मग केबिनला कुलूप घातलं आणि वाहिनी तेवढी चालू ठेवली.

त्या मंगळवारी तिने खुंटी तीनवर नेली तेव्हा खरखर नव्हती. कोणीतरी श्वास घेत होतं.

२

"वायर वायरला चिकटली असेल," बटण म्हणाला. "तुमचाच श्वास तुम्हाला ऐकू येतोय, ताई. बंद करून चालू करू का?"

त्याने बंद करून चालू केलं. श्वास गेला नाही. पण तेवढ्यात आयोगाच्या अध्यक्षबाई येऊन बसल्या, पहिला साक्षीदार खुर्चीत आला, आणि दुभाषीण जिना चढून आपल्या एक नंबरच्या केबिनमध्ये पळाली.

साक्षीदार बहुतेक वरचे असायचे. ते त्यांच्या भाषेत सांगायचे आणि ती लगोलग खालच्यांच्या भाषेत बोलायची, कारण अध्यक्षबाईंना तेवढीच येत होती. तिच्या जोडीला एक म्हातारे दुभाषी होते. सगळ्या जगाचे ते काका. अर्धा तास ती बोलायची, अर्धा तास काका, आणि ज्याची विश्रांती असेल त्याने पेपरमिंट चघळत गप्प बसायचं. दुभाष्यांचा जुना रिवाज असा की साक्षीदार म्हणेल ते 'मी' म्हणूनच बोलायचं. 'साक्षीदार सांगतात की त्यांनी' असलं लांबण लावायचं नाही. त्यामुळे दिवसभरात ती विधवा व्हायची, पोलीस व्हायची, घर पेटताना लांबून पाहणारा माणूस व्हायची, आणि संध्याकाळी घरी जाताना आपण नक्की कोण याची स्वतःशीच एकदा खात्री करून घ्यायची. काका म्हणायचे, "या धंद्यात एक कान स्वतःसाठी राखून ठेवावा, पोरी." ती बोलताना हेडफोन डाव्या कानावरून नेहमी बाजूला सारायची. उजव्या कानात साक्षीदार, डावा मोकळा कान तिचा स्वतःचा.

पहिला साक्षीदार बेकरीवाला होता. गाल लाल, आवाज भरलेला. काका त्याचं बोलू लागले. "मी त्यांना वाटेसाठी पाव दिले. रडत होते बिचारे. वळणापर्यंत मी हात हलवत होतो."

तिची विश्रांती होती. तिने सहज, म्हणजे अगदीच सहज नव्हे, खुंटी तीनवर नेली.

एक बाई मधल्यांच्या भाषेत शांतपणे बोलत होती. साक्षीदाराच्या अर्धं वाक्य मागे, सराईत दुभाष्याच्या चालीने. फक्त सांगत होती ते वेगळंच.

"मी भट्टीचं फावडं घेतलं," बाई म्हणाली. "लांब दांड्याचं, पाव आत सरकवायचं. चक्कीवाला म्हातारा उंबऱ्यात बसला होता. पहिला घाव कानावर बसला. तो म्हणाला, अरे, तुझं उद्याचं पीठ दळून ठेवलंय. दुसऱ्या घावाला काही म्हणाला नाही. तिसरा मी कशाला घातला मला माहीत नाही."

खाली बेकरीवाला रुमालाने डोळे पुसत होता.

३

कामाचा ताण, असं तिने स्वतःला समजावलं. इतके महिने रक्त ऐकून डोकं भणभणणारच. कुठल्यातरी गावचं रेडिओ केंद्र त्या वायरीत शिरलं असेल. पण मधल्यांच्या भाषेत कार्यक्रम करणारं रेडिओ केंद्र साऱ्या जगात नव्हतं, आणि असतं तरी ते बेकरीवाल्याबरोबर खोकलं नसतं.

बुधवारी एक निवृत्त शिक्षिका आली. तिने सांगितलं की मधल्यांची मुलं एके दिवशी शाळेत यायचीच बंद झाली, तिला फार वाईट वाटलं. तीन नंबरवर ती बाई म्हणाली, "मी हजेरी घेतली. बाहेरच्या माणसांना तोंडावरून मुलं ओळखता येईनात, म्हणून मी नावं वाचली आणि त्यांची एक रांग केली. ट्रकमध्ये चढताना एकाचा बूट वर्गात राहिला. तो मी शेगडीत घातला. वास दोन दिवस गेला नाही."

मग नदीवरचा नावाडी. त्याने सरळ कानावर हात ठेवले. आपण त्या आठवड्यात नाव पाण्यात घातलीच नाही म्हणाला. "मी त्यांना मधोमध नेऊन उतरवलं," तीन नंबर म्हणाला. "पोहता येणारे नावेच्या काठाला धरून राहिले. मी वल्ह्याने एकेकाची बोटं मोडली. एका बाईच्या हातात बांगडी होती, तिला वेळ लागला."

हे ऐकताना दुभाषिणीचे स्वतःचे हात दुखायला लागले. वल्हं धरल्यासारखे तळवे हुळहुळत होते. तिने काकांच्या कानाला आपला हेडफोन लावला. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"कोणीतरी बोलतंय खरं," ते म्हणाले. "पण मला ती भाषा कुठे येते? कोणालाच येत नाही आता." मग त्यांनी विचारलं, "तुला येते?"

"थोडी," ती म्हणाली.

थोडी कसली, शब्दन् शब्द कळत होता. बोलता मात्र एक शब्द येत नव्हता. हे तिला लहानपणापासून माहीत होतं आणि आजवर तिने त्याचा कधी विचार केला नव्हता, जसा आपण आपल्या कोपराचा करत नाही.

काका थोडा वेळ पेपरमिंटचा कागद चुरगळत बसले. "एक सांगू? रागावू नकोस. आवाज तुझा आहे."

४

घरी वडील स्टूलला पॉलिश करत होते. बाबा सुतार होते, आणि अख्ख्या गल्लीत त्यांची थट्टा व्हायची, कारण त्या सुताराच्या घरात रस्त्यावरचं दार सोडलं तर एकही दार नव्हतं. खोल्यांना नुसत्या चौकटी, आणि न्हाणीघराला पडदा. पाहुणे आले की पंचाईत व्हायची. मोठ्याने गाणं म्हणतच आंघोळीला जावं लागायचं. बाबा खाटा करायचे, खिडक्या करायचे, पाळणे करायचे. दाराचं काम आलं की म्हणायचे, "हात दुखतोय," आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या सुताराचा पत्ता द्यायचे. आई तापाने गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. वेणी घालण्यापासून अभ्यास घेण्यापर्यंत सगळं त्या एकट्या माणसाने केलं होतं, आणि त्यांच्या साध्या खोकल्यानेही तिचा जीव अजून खालीवर व्हायचा.

शुक्रवारी बाबांची साक्ष होती. समन्स महिन्यापूर्वी आलं होतं, आणि तेव्हापासून ती रोज त्यांचा सराव करून घेत होती.

"त्या आठवड्यात मी वरच्या गावी होतो," बाबा म्हणाले. "शाळेच्या छपराचं काम चालू होतं. मला बहुतेक काही माहीत नाही."

"'बहुतेक' नका म्हणू, बाबा."

"मला काही माहीत नाही." त्यांनी काळ्या नखाचा डावा अंगठा फडक्याला पुसला. ते नख तिने कायम तसंच पाहिलं होतं. "माझं बोलणं तिथे तू बोलणार?"

"नाही. नात्यातल्या माणसाचं बोलायचं नसतं. मी नुसती शेजारी बसणार, काका बोलतील."

"बरं झालं," बाबा म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

"बाबा, मला मधल्यांची भाषा कशी कळते?"

फडकं थांबलं. "शेजारी दूधवाली होती एक. तुला खेळवायची."

"मागे तुम्ही मोलकरीण म्हणाला होतात."

"तीच ती. दूधही घालायची." ते उठले आणि पॉलिशच्या डब्याचं झाकण शोधत बसले. झाकण त्यांच्या हातातच होतं.

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

५

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिने शिपायाकडून तीन नंबरची किल्ली घेतली. दुपारचा एक वाजला होता, सभागृहात लख्ख ऊन होतं, आणि बाहेर लोक डबे उघडून बसले होते. भिण्यासारखं काहीही नव्हतं, हे तिने कुलूप काढताना दोनदा मनात म्हटलं.

आत एक खुर्ची, एक माइक, एक हेडफोन. टेबलावर धुळीचा थर होता. तिने बोट फिरवून पाहिलं. धूळ पांढरी आणि मऊ होती, बोटांवर चोळली की पिठासारखी चिकटत होती. हेडफोनची उजवी गादी कोरी होती. डावी मात्र कोणी वर्षानुवर्षं वापरावी तशी झिजून काळी पडलेली.

"कोण येतं इथे?" तिने विचारलं.

"कोण येणार, ताई? किल्ली माझ्या कंबरेला असते," शिपाई म्हणाला. "पण वास येतो बघा कधी कधी. जळकट. बटणला सांगितलं, तर म्हणे बंद करून चालू करतो."

तिने कुलूप स्वतः लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली परत दिली.

दुपारच्या सत्रात ती बोलत होती. तिच्या केबिनच्या काचेतून तिरकं पाहिलं की तीन नंबरची काच दिसायची. तिथे एक बाई बसलेली होती. चेहरा उजेडाच्या पट्ट्यात बुडाला होता. हेडफोन, खांदे आणि ओठांची हालचाल तेवढी दिसत होती. प्रतिबिंब, ती मनात म्हणाली आणि वाक्य न तोडता बोलत राहिली. काचा आहेत, प्रतिबिंब पडणारच. खात्री करायला तिने आपला हात कानावरून काढून मांडीवर ठेवला.

त्या बाईचा हात कानावरच राहिला. तिने उजवा कान मोकळा ठेवला होता.

६

शुक्रवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. साक्षीदाराच्या खुर्चीत ते फारच लहान दिसत होते. प्रश्न ऐकण्यासाठी हेडफोन लावताना त्यांची जाड बोटं खुंटीशी झटापट करत होती. काकांनी माइक चालू केला. ती त्यांच्या शेजारी बसली, माइक बंद ठेवून.

रात्रभर तिने एकच ठरवलं होतं: आज तीन नंबर ऐकायचा नाही. बाबा चार वाक्यं बोलतील, आपण त्यांना हाताला धरून घरी नेऊ, आणि उद्या बटणला सांगून ती वायरच उपटून टाकू.

"त्या आठवड्यात मी वरच्या गावी होतो," बाबा म्हणाले, आणि काका खालच्यांच्या भाषेत 'मी' झाले.

तिचा हात खुंटीकडे गेला. सदतीस वर्षांची होईपर्यंत ती एका दार नसलेल्या घरात राहिली होती, आणि तसं का, हे तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. तिने खुंटी तीनवर नेली.

"मी सुतार," तिच्या आवाजात ती बाई म्हणाली. "मला घरातून उचललं. अवजारांची पेटी घे म्हणाले. पाणचक्कीचं दार मीच बसवलं होतं. त्याला आतून कडी होती, बाहेरून नव्हती. म्हणून मला नेलं."

खाली बाबा बोलता बोलता थांबले. त्यांची मान हळूहळू वर आली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की झटापटीत त्यांची खुंटीही तीनवर गेली होती. ते ऐकत होते, आणि त्यांना कळत होतं.

काका माइकसमोर वाट बघत राहिले. "घ्या वेळ, आजोबा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाबा आता मान खाली घालून हेडफोन काढतील, 'मला काही माहीत नाही' म्हणतील, आणि संपेल. तिला ते हवं होतं. तिला त्यांची इतकी दया आली की डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी इतका संताप आला की दातावर दात बसले. बेकरीवाला डोळे पुसून घरी गेला होता. शिक्षिका, नावाडी, सगळे गेले होते. तीन नंबरचं आजवर कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि ते सांगता येईल असं माणूस अख्ख्या प्रांतात एकच होतं.

तिने आपल्या माइकचं बटण दाबलं.

"मी आडव्या फळ्या मारल्या," ती खालच्यांच्या भाषेत म्हणाली, आणि सगळं सभागृह केबिनकडे वळलं. "आत माणसं दाराला धडका देत होती. खिळा अर्धा आत जायचा आणि धडकेने बाहेर यायचा. मी पुन्हा ठोकायचो. एकाची बोटं फटीतून बाहेर आली होती. ती तशीच फळीखाली गेली. एक घाव माझ्या अंगठ्यावर बसला."

काकांनी तिचं मनगट पकडलं. "थांब! ते बोललेलेच नाहीत अजून."

"मागच्या भिंतीत झरोका होता," ती बोलत राहिली, कारण ती बाई बोलत राहिली होती. "त्यातून एका बाईने मुलगी बाहेर दिली. मी कोटाच्या आत घेतली. मग तिने दुसरी दिली. तसंच तोंड, तसाच झगा. कोटात एकीचीच जागा होती आणि कोपऱ्यावर ते लोक उभे होते. दुसरीला मी परत आत दिलं. बाईने घेतली, काही बोलली नाही. मग मी झरोक्यालाही फळी मारली."

तिचा आवाज आता तिच्या ताब्यात नव्हता. पुढचं वाक्य उजव्या कानात आलं तसं तोंडातून गेलं.

"तो फळी मारत होता तेव्हा मी आतून त्याच्याकडे बघत होते. मग धूर आला."

"एक नंबर केबिन!" अध्यक्षबाई उभ्या राहिल्या होत्या. "साक्षीदार गप्प आहेत. तुम्ही कोणाचं बोलताय?"

बाबाही उभे राहिले होते. त्यांनी आधी तिच्या काचेकडे पाहिलं, मग तीन नंबरच्या काचेकडे, मग पुन्हा तिच्या. दोन्ही हात त्यांनी पुढे केले होते, जड काहीतरी हातात घेतल्यासारखे. ज्या भाषेत ते घरात कधी अवाक्षर बोलले नव्हते त्या मधल्यांच्या भाषेत त्यांनी विचारलं, "दोघींतली कोणती बोलतेय, बाळा?"

सभागृहात कोणालाच काही कळलं नाही. अध्यक्षबाईंनी केबिनकडे पाहून खूण केली, की हे आमच्या भाषेत सांगा. काकांनी तिचं मनगट सोडलं आणि ते खुर्चीसकट मागे सरकले. ते तिच्या हेडफोनकडे बघत होते.

तिने हात वर नेऊन चाचपलं. डाव्या कानावर गादी घट्ट बसलेली होती, झिजलेली आणि गरम. मोकळा होता तो उजवा कान. खाली बाबा हात पुढे करून उत्तराची वाट बघत उभे होते.